नवरदेवाच्या गाडीतली सायकल

मीनाचा फोन आला तेव्हा मी बांगडे साफ करत होतो. हात ओले, म्हणून सुनेने फोन माझ्या कानाला लावला. "सखाकाका, बाबा गेले," एवढंच मीना बोलली. मी विचारलं, "कधी?" म्हणाली, "आत्ताच. सकाळचा चहा घेतला आणि मान टाकली." मी विचारलं, "चहा पुरा प्यायला का?" सून माझ्याकडे बघायला लागली, म्हातारा हे काय विचारतो. पण मीनाला कळलं. "हो काका, कप रिकामा होता," ती म्हणाली. मला तेवढंच हवं होतं. विश्रामने उभ्या जन्मात काही अर्धवट सोडलं नाही, चहा तरी कशाला सोडेल... बांगडे तसेच ठेवले, हात धुतले आणि भांडुपहून मुलुंडला निघालो.

त्याला आता महिना उलटला. पेपरात मोठ्या माणसांवर लिहून येतं, भाषणं केलेल्यांवर, पदकं मिळालेल्यांवर. विश्राम कारखान्यात फिटर होता, त्याच्यावर कोण लिहिणार? म्हणून मी लिहितो. मी चौथीपर्यंत शाळेत गेलो. पाचवीचा मास्तर मला पटला नाही, मी जायचं बंद केलं. नातू म्हणाला, "आजोबा, तुम्ही नुसतं सांगा, मी नीट लिहून देतो." नीट लिहिशील म्हणूनच नको, म्हटलं.

विश्राम आणि मी एकाच गावचे, मालवणच्या वरच्या अंगाला. मुंबईत आलो तेही मागेपुढे आणि मुलुंडच्या एकाच चाळीत भिंतीला भिंत लागून राहिलो. कारखानाही एक. तो फिटर, मी वेल्डर. आम्ही दोघेच असलो की मालवणीत बोलायचो, तिसरा माणूस आला की मुंबईची भाषा. भांडण मात्र मालवणीतच. ते दुसऱ्या भाषेत केलं तर समाधान होत नाही.

त्याची मोटार आधी सांगतो, कारण तिच्याशिवाय विश्राम सांगता येत नाही. घाटकोपरला एका शेठच्या बंगल्यात आंब्याखाली एक जुनी विलायती गाडी पडून होती. आत कोंबड्या झोपायच्या. शेठ ती भंगारात काढणार होता. विश्राम तिथे पंपाच्या कामाला गेला, गाडी बघितली आणि कामाच्या मजुरीऐवजी गाडीच मागून बसला. मग एका रविवारी आम्ही दोघांनी ती घाटकोपरहून मुलुंडला आणली. कशी? दोरीने ओढत. पुढे मी बैलासारखा, मागून ढकलायला चाळीतले चारजण आणि विश्राम आत साहेबासारखा स्टिअरिंग धरून. विक्रोळीला मी ओरडलो, "अरे, खाली उतर आणि तू ओढ जरा!" तर काच खाली करून म्हणतो, "सख्या, वळवूक कोण मगे? तुका वळवता येता?" मला येत नव्हतं. ओढली तशीच मुलुंडपर्यंत.

चाळीच्या मागे पत्र्याखाली तो ती गाडी जोडत बसायचा. कामावरून आला की चहा आणि गाडी. पत्र्याला मी ठिगळं मारली, इंजिन त्याने केलं. काही वर्षांनी ती उभी राहिली तेव्हा सगळी चाळ बघायला आली. खाली चॉकलेटी, वर दुधाच्या सायीसारखा रंग, पाठ गोल आणि मागचे दरवाजे उलटे उघडणारे, कपाटाच्या दोन फळ्या उघडाव्यात तसे. चाळीने तिचं नाव म्हातारी ठेवलं. विश्रामला ते आवडलं नाही, पण चाळीपुढे कोणाचं चालतं.

म्हातारी लग्नाला द्यायला लागला. मुलुंडपासून भांडुपपर्यंत कितीतरी नवरे त्या गाडीतून बोहल्यावर गेले. पण विश्रामचा एक कायदा होता. एकदा बॉनेटला हार चढला की गाडी नवऱ्याची. नवरी घेऊन नवरा आपल्या दारात उतरेपर्यंत गाडीत कोण बसणार, काय ठेवणार, कुठे थांबणार, सगळं नवऱ्याने ठरवायचं. विश्राम फक्त चालवणार. एकदा सुमनवहिनी, म्हणजे त्याची बायको, दोन्ही हातांत बाजाराच्या पिशव्या घेऊन भर उन्हात स्टॉपवर उभी होती. हार घातलेली गाडी तिच्या समोरून गेली. गाडी रिकामी होती, नवऱ्याला आणायला चालली होती. विश्रामने हॉर्न वाजवला आणि पुढे गेला! वहिनीने त्याला आठवडाभर पिठलं खाऊ घातलं. त्याने ते मुकाट्याने खाल्लं आणि कायदा काही बदलला नाही.

आता मीना. विश्रामची एकुलती एक. बापाच्या काळ्या सायकलवर आधी दांड्याच्या खालून पाय घालून कैची मारायला शिकली, मग दांड्यावर चढली आणि मग कुणाला ऐकेना. शाळेतल्या खेळाच्या मास्तरांनी तिला स्पर्धेत घातली. अर्धी चड्डी घालून मुलगी सायकल पळवते म्हणून चाळीत बोलणं झालं. चाळीतली एक आजी विश्रामला म्हणाली, "पोरीचे पाय बघते रे सगळी दुनिया." विश्राम म्हणाला, "बघूंदेत. पाय चांगलेच आसत."

शर्यतीची सायकल आम्ही अंधेरीला एका जुन्या खेळाडूकडून आणली. मेंढ्याच्या शिंगांसारखं वाकडं हँडल, आणि टायर इतके पातळ की हात लावायला भीती वाटे. त्यातली ट्यूब टायरमध्येच शिवलेली, आणि तो टायर रिमला गोंदाने चिकटवायचा. साध्या रस्त्यावर खडी लागली की संपला. एकच जोडी होती. म्हणून मीना सरावाला बापाची काळी सायकल चालवायची आणि ही फक्त शर्यतीच्या दिवशी जमिनीला लागायची. पहिल्या शर्यतीला ती लोकलच्या सामानाच्या डब्यातून नेली, तर कुणाचं तरी पिंप चाकावर आलं. चाक वाकलं, शर्यत हुकली. मीना रडली नाही, पण दोन दिवस जेवली नाही.

तेव्हा वहिनीने अट घातली. वहिनी वाईट नव्हती, पण तिला मुलीच्या पुढचं दिसत होतं, स्थळं, लोकांची तोंडं. ती म्हणाली, "आणखी एक शर्यत. जिल्ह्याच्या संघात निवड झाली तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही झाली, किंवा पुन्हा असंच काही झालं, तर सायकल विकायची आणि मला शिलाई मशीन आणायची. मीना माझ्याशेजारी बसून शिवण शिकेल." विश्राम कबूल झाला. मीनाही झाली. निवडीची शर्यत बोरिवलीला होती, नॅशनल पार्कच्या फाटकापासून हायवेने दहिसरकडे आणि परत, अशा फेऱ्या. विश्राम मला म्हणाला, "या खेपेस म्हातारीतून नेतंय. कोण हात लावता बघूया."

आणि इथेच घोळ झाला. विश्रामच्या डोक्यात दोन पंचांगं होती. लग्नं तो तिथीने लक्षात ठेवायचा, कारण लग्नघरची माणसं तशीच सांगत, माघातली नवमी, दशमी. बाकीचं सगळं जग तारखेने, पगार, सुटी, मीनाची शर्यत. नवरा मुलुंडचा, लग्न बोरिवलीच्या हॉलवर, असं एक काम त्याने नवमीला घेतलं होतं. शर्यत रविवारी होती. नवमी रविवारीच येते हे त्याला शनिवारी संध्याकाळी कळलं. लग्नघराचा माणूस हळदीचं बोलावणं आणि नारळ घेऊन आला आणि म्हणाला, "उद्या उजाडताना गाडी दारात हवी." ओट्यावर मीना सायकलच्या साखळीला तेल देत बसली होती.

विश्राम माझ्या दारात येऊन उभा राहिला. तोंड उतरलेलं. "सख्या, वाट लागली."

"काय झाला?"

"उद्याच नवमी."

आम्ही दोघे टेम्पोवाल्यांकडे फिरून आलो, स्टेशनवरच्या टॅक्सीवाल्यांना विचारलं. मुहूर्त दांडगा, प्रत्येकाला कुठलं ना कुठलं वऱ्हाड लागलेलं. एक रिक्षावाला म्हणाला, "बोरिवली? वहाँ से खाली कौन आएगा?" वऱ्हाडाची बस बोरिवलीलाच जाणार होती, पण तिच्या टपावर ट्रंका, पितळेची भांडी. त्यांच्यात ती सायकल टाकायची म्हणजे पिंपाचीच गोष्ट पुन्हा. परत येऊन ओट्यावर बसलो. मीना आत होती, सगळं ऐकत होती, बाहेर येत नव्हती.

मी म्हटलं, "अरे, लग्न बोरिवलीक, शर्यत बोरिवलीक. गाडी तीच, रस्तो तोच. घाल सायकल गाडीत."

"हार चढलो की गाडी नवऱ्याची. माझी नाय."

"मग नवऱ्याक इचार."

"हळद लागलेल्या पोराकडे जाऊन माझ्या पोरीसाठी मागूं? लग्न त्याचा आसा. माका जमूचा नाय."

त्याला जमणार नव्हतं, मला माहीत होतं. मग मी उठलो. "खंय चललस?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "पान खाऊक." आणि सरळ लग्नघरी गेलो.

मांडवात हळद चालू होती. नवरा सुधाकर पाटावर बसलेला, पिवळा धमक, हातात सुरी, सुरीच्या टोकाला लिंबू. आमच्याकडे हळद लागली की नवऱ्याने लोखंड सोडायचं नसतं, दृष्ट लागते, बाधा होते म्हणतात. मी चपला काढल्या, पोराच्या समोर बसलो आणि सगळं सांगितलं. शर्यत काय, टायर काय, शिलाई मशीन काय. बायका हळद लावायच्या थांबल्या. सुधाकर काही बोलणार तेवढ्यात त्याची आत्या पुढे आली. यमुनाआत्या म्हणायचे तिला. आईविना पोराला तिनेच वाढवलेलं. कमरेला पदर खोचलेला, आवाज थेट माटुंग्यापर्यंत.

"नवऱ्याच्या गाडीत फुलं असतात, नारळ असतो. तुम्ही लोखंडाचा सांगाडा घालून माझ्या पोराला बोहल्यावर नेताय की भंगारवाल्याकडे?"

मांडव हसला. मीही हसलो, राग आलेला असूनही. मग विचारलं, "आत्याबाई, पोराच्या हातात सुरी कोणी दिली?"

"मी दिली."

"का दिली?"

"का म्हणजे? हळद लागलीय. लोखंड नको जवळ?"

"मग सायकल काय लाकडाची आहे? तुमच्या सुरीत लोखंड वीतभर. मी अख्खी सायकल देतोय. एवढं लोखंड घेऊन मुंबईतला कुठला नवरा बोहल्यावर गेलाय सांगा. त्याच्याकडे भूत तरी फिरकेल काय?"

आत्याने पोराच्या हातातल्या सुरीकडे बघितलं. हळद लावणाऱ्या बायकांमधून एक पोरगी खुदकन हसली आणि सुधाकर म्हणाला, "आत्या, काका बरोबर बोलतायत ना. येऊ दे सायकल." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "आणि काका, तुम्ही आणि ती मुलगी पुढे बसा. सायकल जोडायला कोणीतरी नको?" आत्या म्हणाली, "मी मागे बसणार. पोराच्या कपड्याला तेल लागलं तर तुम्हाला बघून घेईन."

परत आलो तर विश्राम तिथेच बसलेला. सांगितलं. त्याने मला खालून वरपर्यंत बघितलं. "तो तोंडान बोललो? का तू बोललस आणि तो हसलो?"

"तोंडान बोललो."

"आणि आत्या?"

"आत्या मागे बसान राखण करतली."

विश्राम उठला, घरातून सुतळी आणली आणि म्हातारीची मागची जागा मापायला लागला. मीना दारात आली. तिने कंदील धरला.

उजाडताना हार चढला, टपावर झेंडूची जाळी. मग सायकल. दोन्ही चाकं काढली, हँडल फिरवून दांड्याला समांतर केलं. वहिनीने आपलं जुनं लुगडं दिलं. मी मागितलं नव्हतं. त्यात सांगाडा गुंडाळला, साखळीवर दुहेरी घडी. पुढच्या सीटच्या पाठीला लागून, या दारापासून त्या दारापर्यंत तो आडवा बसला, जसा काही म्हातारी बांधणाऱ्या साहेबाने त्याचसाठी जागा ठेवली होती. सुधाकर मुंडावळ्या बांधून आला, पाय उचलून सायकलवरून आत गेला. एक चाक त्याच्या धाकट्या बहिणीच्या मांडीवर. ती करवली, एका हातात पाण्याचा करा, दुसऱ्या हातात चाक. दुसरं चाक यमुनाआत्याच्या मांडीवर, नऊवारी शालूवर. पुढे विश्राम, मीना आणि मी. वहिनी दारात उभी होती. गाडी हलली तेव्हा म्हणाली, "सावकाश हाका." कोणासाठी म्हणाली, नवऱ्यासाठी की चाकासाठी, तिलाच ठाऊक.

पवईच्या रस्त्याने निघालो. तेव्हा तो रस्ता म्हणजे खड्ड्यांना खड्डे जोडलेले. तलावाच्या पुढे एक मोठा खड्डा आला, म्हातारी उडाली आणि मागून यमुनाआत्या ओरडली, "लिंबू!" सुधाकरच्या सुरीवरचं लिंबू निसटून सीटखाली गेलं होतं. उघडं टोक आत्याच्या मांडीवरच्या टायरसमोर, बोटभर अंतरावर, आणि पुढे सगळा खड्ड्यांचाच रस्ता. सुधाकरने सुरी खाली ठेवायला घेतली. आत्या म्हणाली, "खबरदार. लोखंड सोडायचं नाही." आणि तिने ते टोक आपल्या मुठीत धरलं, पदर गुंडाळून. हायवे लागेपर्यंत ती तशीच बसली, एका हातात पोराची सुरी, दुसऱ्या हाताने आमचं चाक छातीशी. विश्राम आरशात बघत होता. त्याने वेग इतका कमी केला की सायकलवाले आम्हाला मागे टाकून गेले.

पार्कच्या फाटकाशी पोचलो तेव्हा मुली अंग गरम करत होत्या. झेंडूने मढलेली मोटार थेट सुरुवातीच्या रेघेपाशी येऊन थांबली. बघायला आलेल्यांमधून कोणी ओरडलं, "अरे, नवरदेव पण रेस लावणार काय?" मुली हसल्या. मीनाची मान खाली गेली. मग मागचा दरवाजा उघडला आणि मुंडावळ्यांसकट सुधाकर बाहेर उतरला, सायकलचा सांगाडा स्वतः उचलून. हशा थांबला. मी चाकं बसवेपर्यंत त्याने तो धरून ठेवला, सुरी काखेत दाबून. त्याच्या पांढऱ्या सदऱ्याला साखळीचं तेल लागलं, हातभर डाग. मी आत्याकडे बघितलं. आत्या म्हणाली, "मला काय बघताय? चाक नीट बसवा." मग मीनाला म्हणाली, "पोरी, मी याला ओरखडा लागू दिला नाही. आता तू बघ."

मीना बापाला म्हणाली, "बाबा, सुरुवात होईपर्यंत थांबा ना." सुधाकरही म्हणाला, "थांबा की, पाच मिनिटांनी काय होतंय." नवऱ्याने सांगितलं होतं, म्हणजे कायद्यानेही चाललं असतं. पण विश्रामने घड्याळ बघितलं. तिकडे सीमांतपूजनाला मुलीकडची माणसं ताट घेऊन उभी असणार. तो म्हणाला, "तुम्ही मला सायकल आणू दिलीत. आता तुम्हाला उशीर झाला तर मी माणूस कसला?" मीनाच्या डोक्यावर हात ठेवला, गाडीत बसला आणि गेला. ज्या शर्यतीसाठी त्याने एवढं केलं ती त्याने पाहिली नाही. मी खूप माणसं पाहिली आहेत, साहेब पाहिले, पुढारी पाहिले. त्या सकाळी गाडी वळवून जाणारा विश्राम मला त्या सगळ्यांपेक्षा उंच दिसला. आजही दिसतो.

मीना दुसरी आली. निवड झाली.

तिला आता टायरची पर्वा नव्हती. ती सायकल चालवतच हॉलवर गेली, मी मागून रिक्षाने. लग्न लागून गेलेलं, आत पंगती बसलेल्या. विश्राम जेवायला गेला नव्हता. गाडी सोडून जायचं नाही म्हणून बाहेर स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता. मीना खिडकीशी थांबली, घामाने भिजलेली. त्याने विचारलं, "कितवी?" ती म्हणाली, "दुसरी. घेतलं मला." विश्रामने स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं. मी म्हटलं, "अरे, बोल काहीतरी." तेव्हा म्हणाला, "मीना, आत जा. आधी नवऱ्याला सांगून ये. गाडी त्याची आहे."

आणि ती तशीच आत गेली, अर्ध्या चड्डीत, भर लग्नात. मुलीकडच्या बायका बघतच राहिल्या. यमुनाआत्याने तिला दारातूनच हाताला धरलं आणि थेट नवरा-नवरीच्या पुढे नेऊन उभी केली. मोठ्याने म्हणाली, "ही आमच्या गाडीतून आली. जिल्ह्यात दुसरी!" कोणी मुलीकडचा म्हणाला, "आम्ही ऐकलं होतं नवऱ्याला सायकल द्यावी लागते, इथे नवराच घेऊन आला!" आत्याने त्याला जे उत्तर दिलं ते पेपरात छापता येणार नाही. मग तिने मीनाला शेजारी बसवून जिलबी वाढली, आणि विश्रामचं ताट गाडीत पाठवलं. परतताना नवरीच्या मांडीवर चाक होतं. नवी नवरी, पण तिने हौसेने धरलं.

वहिनीने आपला शब्द पाळला, पुन्हा तोंड उघडलं नाही. मीना पुढे राज्याकडून खेळली, खेळामुळे तिला सरकारी नोकरी लागली, लग्न स्वतःच्या पसंतीने केलं. विश्रामने तिच्या पुढच्या शर्यती पाहिल्या, लांबलांब जाऊन पाहिल्या. पण त्याला बोलायची असायची ती हीच, न पाहिलेली. चाळ गेली, बिल्डिंग आली, मी भांडुपला राहायला गेलो. म्हातारी चालेनाशी झाली तेव्हा त्याने ती कोणा शौकीन माणसाला दिली. वहिनी गेली. तरी महिन्यातून एकदा तो यायचा, माझ्या खिडकीतल्या खुर्चीत बसायचा आणि म्हणायचा, "सांग रे." मी सांगायचो. हायवेवर ऊन कुठून येत होतं, अंधेरीची ती उंच मुलगी कशी पुढे होती, फाटकासमोरच्या वळणावर एक ट्रक आडवा आला तेव्हा मीना आतल्या बाजूने कशी निघाली. तो मध्येच अडवायचा. "ट्रकवालो हॉर्न मारी होतो काय?" मारत होता. "मीनान मागे बघल्यान?" नाही बघितलं. मग खूष व्हायचा, जसा काही पहिल्यांदाच ऐकतोय. शेवटी शेवटी त्याला नावं आठवत नसत, माझंही एकदा विसरला, पण "सांग रे" विसरला नाही. ही गोष्ट मी त्याला कधी वाढवून सांगितली नाही, कधी कमी केली नाही. त्यासाठी मला माझाच अभिमान आहे.

गेल्या आठवड्यात मीना आली. आता तिचेही केस पांढरे झालेत. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोललो आणि मग ती खिडकीतल्या खुर्चीत जाऊन बसली. म्हणाली, "काका, ती बोरिवलीची शर्यत सांगा ना. बाबांना सांगायचात तशी."

मी म्हटलं, "अगं, चालवलीस तू, आणि मी तुला काय सांगू?"

"मी मान खाली घालून होते. मला पुढचं चाक आणि डांबर, एवढंच दिसलं. पाहिली ती तुम्ही."

ते खरंच होतं. मी चष्मा काढून ठेवला, कारण ही गोष्ट सांगताना मला चष्मा लागत नाही. सुरू केलं. "पहिल्या फेरीला तू फाटकाशी आलीस तेव्हा पाचवी होतीस..."

"पाचवी?" ती म्हणाली. "बाबा तर सगळ्यांना चौथी सांगायचे."

"तुझा बाप तिथे नव्हता," मी म्हटलं.

खाली कोणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती सुरू होईना. मीना माझ्याकडे बघत होती. डोळे अगदी विश्रामचे. मी त्या रस्त्याच्या कडेला उभा होतो, माझ्या या डोळ्यांनी मोजल्या होत्या त्या मुली. पाचवी होती.

"बरं," मी म्हटलं. "चौथी होतीस. तर पुढे ऐक..."